वाळूत गेलेला पिवळा रॅस

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी गेल्या वर्षीपासून आहे. तिच्यात दोन क्लाउनफिश आहेत. हिवाळ्यात सहा पट्ट्यांचा एक रॅस (समुद्रातल्या रंगीत माशांचा एक प्रकार) आणला होता. तो एके सकाळी फरशीवर मेलेला सापडला. आता पिवळा रॅस आणला आहे. पाण्यात सोडल्यावर थोड्याच वेळात तो वाळूत शिरला, त्याला आज चार दिवस झाले. यजमान म्हणतात की तो मेला असणार आणि वाळू उकरून बाहेर काढला नाही तर पाणी नासेल. त्यातच काल एका क्लाउनफिशच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, म्हणून दुकानदाराने क्लीनर रॅस ठेवायला सांगितले आहे. मुलीला त्याच दुकानातला लालभडक, पांढऱ्या डागांचा इवलासा रॅस हवा आहे. ओळखीचे एक गृहस्थ मालवणहून प्रवाळाचे तुकडे आणून देतो म्हणतात. एप्रिल लागला आहे आणि दुपारी टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर जाते. काय करावे?

— एक वाचक, इंदूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी तातडीचे सांगते: वाळू उकरू नका. तुमचा पिवळा रॅस हॅलिकोरिस या गटातला, बहुधा हॅलिकोरिस क्रायसस असावा, आणि या गटातले मासे दररोज रात्री वाळूत शिरून झोपतात व दिवसा भीती वाटली तरी वाळूचाच आसरा घेतात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून अनेक हात बदलत समुद्रापासून इतक्या दूर आलेला मासा तीन-चार दिवस, कधी आठवडाभरही वर येत नाही, आणि तरीही तो जिवंत असतो. वाळू उकरली तर अंगावरचा चिकट संरक्षक थर खरवडला जातो, तळाशी साचलेली घाण पाण्यात मिसळते आणि मासा घाबरून आणखी काही दिवस दिसेनासा होतो. यजमानांची शंका मात्र अनाठायी नाही. तिचे उत्तर फावड्याने न शोधता अमोनियाच्या टेस्ट किटने शोधावे, कारण मेलेला मासा कुजू लागला की पाण्यात विषारी अमोनिया वाढतो. रोज सकाळी एकदा अमोनिया मोजा. तो शून्य येत असेल तर निवांत थांबा; किंचितही वाढलेला दिसला तर पंचवीस टक्के पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. वर्षभर चाललेल्या, अडीचशे लिटरच्या आसपास मावणाऱ्या टाकीत दहा-बारा सेंटिमीटरचा एक मासा मेला तरी सगळे पाणी एका रात्रीत नासत नाही, तेव्हा थांबण्यात मोठा धोका नाही.

तो वर येत असूनही तुम्हाला दिसत नसेल, अशीही एक शक्यता आहे. हा मासा इंडोनेशियाच्या बाजूच्या आणि पश्चिम प्रशांत महासागरातल्या प्रवाळभागातला. बाली सुमारे ११५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि इंदूर सुमारे ७६ अंशांवर. म्हणजे तिथला सूर्य आपल्यापेक्षा अडीच तासांहून अधिक आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. रॅसचे झोपणे-उठणे अतिशय काटेकोर असते, आणि नव्या घरी आल्यावरही सुरुवातीचे काही दिवस त्याचे अंग जुन्याच वेळेप्रमाणे चालते. तुमचा दिवा सकाळी दहाला लागून रात्री दहापर्यंत चालत असेल, तर त्याच्या हिशेबाने तुम्ही ऐन दुपारी उजाडवता आणि मध्यरात्र उलटून गेली तरी मावळू देत नाही. हा आठवडा दिवा पहाटे लवकर, अगदी मंद लावा, आणि संध्याकाळी लवकर मालवा. सकाळी तुमच्या चहाआधी टाकीत थोडे आर्टेमिया (माशांना खायला घालतात ते इवले कवचधारी जीव) सोडा आणि टाकीसमोर गर्दी करू नका. तो दिसू लागला की रोज थोडे थोडे पुढे सरकवत आपल्या वेळेवर आणता येईल. तो वर आला आणि त्याच्या पाठीच्या परावर दोन-तीन काळे ठिपके दिसले तर घाबरू नका. ते या जातीच्या लहान आणि मादी माशांवर असतातच; नर होताना ते बहुधा पुसट होतात. बहुतेक रॅस आधी मादी असतात आणि पुढे त्यांच्यातली वरचढ मादी नर होते.

वाळूचे तुम्ही काहीच लिहिले नाही, आणि माझ्या मते हॅलिकोरिस पाळणाऱ्याने टाकी भरण्यापूर्वी पहिला विचार वाळूचा करायला हवा. तिचा थर पाच ते सात सेंटिमीटर असावा आणि कण बारीक, म्हणजे अर्धा ते दीड मिलिमीटरचे असावेत. प्रवाळाचा जाड भुगा किंवा शोभेचे खडे असतील तर मासा पहिल्याच रात्री त्यांत डोके खुपसू पाहील आणि त्याच्या तोंडाला व बाजूंना जखमा होतील. त्या जखमांतून होणारा जंतुसंसर्ग आठवडाभरात जीव घेतो. बांधकामाची नदीची वाळू टाकीत टाकू नका, तिच्यात काय मिसळले आहे ते सांगता येत नाही. समुद्री टाक्यांसाठी मिळणारी बारीक, चुनखडीची अ‍ॅरागोनाइट वाळू घ्या. सगळ्या तळाला इतका जाड थर देणे जमत नसेल तर अर्ध्या भागात द्या. तुमच्या टाकीच्या अर्ध्या तळाला सहा सेंटिमीटर थर देण्यासाठी साधारण २५ किलो वाळू लागेल. ही भर मासा वर येऊन नीट खाऊ लागल्यावर, धुतलेली वाळू नळीतून तळाशी हळूहळू सोडून घाला. रोज झोपायच्या वेळी तो बहुधा एकाच ठरलेल्या जागी शिरतो, तेव्हा ती जागा ओळखून ठेवा आणि तिच्यावर दगड रचू नका.

सहा पट्ट्यांचा रॅस कसा गेला हे तुमच्या पत्रातूनच कळते. तो वाळूत शिरत नाही. दगडांच्या कपारीत, स्वतःभोवती चिकट पातळ कोष विणून झोपतो. त्याला काळोखात कशाने तरी दचकायला झाले, किंवा कोणी पाठलाग केला, की तो सरळ वर उसळतो, आणि वर झाकण नसेल तर फरशीवर पडतो. सगळेच रॅस उड्या मारतात. आपले बोट जाईल एवढी फट त्यांना पुरते, म्हणून पाइपाभोवतीची कोपऱ्यातली जागाही मोकळी सोडू नका. काचेचे झाकण मी सुचवणार नाही, कारण त्याने उष्णता आत कोंडते आणि पाण्याला हवा कमी मिळते. खिडक्यांच्या जाळ्या बसवणाऱ्या कारागिराकडून टाकीच्या मापाची प्लॅस्टिकची चौकट आणि तिच्यावर सहा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची नायलॉनची जाळी करून घ्या. लोखंडाची चौकट, खिळे किंवा जाळी मात्र घेऊ नका, खाऱ्या पाण्याच्या तुषारांनी ती गंजून पाण्यात उतरते. रात्री खोलीतला दिवा एकदम लावू किंवा मालवू नये. टाकीचा दिवा मालवल्यावर अर्धा तास खोलीत मंद उजेड राहू द्यावा.

आता पांढऱ्या ठिपक्यांकडे वळते. पत्रातली सर्वांत गंभीर बाब हीच आहे, आणि तिच्यावर दुकानदाराने सुचवलेला उपाय चुकीचा आहे.

ठिपके कणाएवढे, वेगळे वेगळे, पर आणि अंग दोन्हींवर विखुरलेले असतील, मासा दगडाला अंग घासत असेल आणि श्वास जलद घेत असेल, तर तो बहुधा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय परजीवीचा रोग आहे. पिठासारखी बारीक पूड अंगभर पसरली असेल आणि मासा पृष्ठभागाशी धापा टाकत असेल, तर तो त्याहून घातक आणि वेगाने मारणारा परजीवी अ‍ॅमिलूडिनियम असू शकतो, आणि मग एक दिवसही थांबता येत नाही. क्रिप्टोकॅरिऑन माशाच्या त्वचेच्या आत, वरच्या थराखाली वाढतो. काही दिवसांनी तो माशाला सोडून तळाशी पडतो, वाळूवर व दगडांवर कवच करून बसतो आणि आतल्या आत विभागत जाऊन शेकडो नवी पिल्ले पाण्यात सोडतो. अंगावरचे ठिपके नाहीसे झाले म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि दहा-पंधरा दिवसांनी ते अनेक पटींनी परत येतात ते याच कारणाने. क्लीनर रॅस, म्हणजे लॅब्रॉयडीस डिमिडिएटस, यावर काहीच करू शकत नाही. समुद्रात तो प्रामुख्याने माशांच्या अंगावर वरून चिकटणारे नॅथिड हे कवचधारी परजीवी खातो. त्वचेच्या आत बसलेला क्रिप्टोकॅरिऑन त्याच्या तोंडात येत नाही.

त्या माशासाठीही मला तळमळीने सांगावेसे वाटते. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटाजवळ झालेल्या अभ्यासात एक क्लीनर रॅस दिवसाला सरासरी सुमारे १२०० परजीवी खातो असे दिसले, आणि त्यासाठी तो दिवसभरात दोन हजारांहून अधिक वेळा इतर माशांची तपासणी करतो. तुमच्या टाकीत दोन क्लाउनफिश आणि एक वाळूत झोपणारा रॅस आहे. त्यांच्या अंगावर त्याचे एका दिवसाचेही पोट भरणार नाही. मग तो त्यांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडू लागतो, ते बिचारे दिवसभर लपत फिरतात, आणि तो स्वतः काही आठवड्यांत बारीक होत उपासमारीने मरतो. गोठवलेले अन्न घेणारे क्लीनर रॅस असतात, पण दुकानातला मासा त्यांपैकी आहे की नाही हे घरी आणण्यापूर्वी ठरवणे कठीण असते. प्रवाळभागातून हे मासे काढून घेतले की तिथल्या माशांची संख्या आणि प्रकार कालांतराने घटतात, हेही त्याच बेटाभोवतीच्या अनेक वर्षांच्या प्रयोगात दिसले आहे. तेव्हा हा मासा आणू नका, आणि दुकानदारालाही तुमच्यासाठी मागवू देऊ नका.

उपचार टाकीबाहेर करावा लागेल. या रोगावरचे तांब्याचे औषध मुख्य टाकीत कधीही टाकायचे नाही, कारण कोळंबी, गोगलगायी आणि इतर पृष्ठवंशहीन प्राणी त्याने मरतात आणि चुनखडीचे दगड व वाळू ते शोषून घेतात. साठ-सत्तर लिटरची साधी टाकी, एअर पंप, मुरलेला (उपयोगी जिवाणू वाढलेला) स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला प्लॅस्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे एवढे साहित्य पुरते. दोन्ही क्लाउनफिश आजच तिकडे हलवा. पिवळ्या रॅसला मात्र वाळूतून ओढून काढू नका. तो वर येऊन खाऊ लागला की पारदर्शक डब्यात अन्न ठेवून दिवसा पकडा, आणि त्यालाही तिकडे न्या. तिथे त्याला झोपायला सात-आठ सेंटिमीटर खोल काचेचे भांडे वाळूने भरून ठेवा. ही वाळू चुनखडीची नसावी, स्वच्छ धुतलेली गारेची बारीक वाळू असावी, नाही तर औषधाची मात्रा उतरत राहील. वाळूशिवाय ठेवलेला हॅलिकोरिस रात्रभर काचेला धडकत राहतो आणि औषधापेक्षा त्या ताणानेच खचतो. औषधाची पूर्ण मात्रा एकाच दिवशी देऊ नका. बाटलीवर सांगितलेली पातळी चार-पाच दिवसांत हळूहळू गाठा आणि तांब्याच्या टेस्ट किटने रोज मोजा. रॅस खाणे सोडत असेल तर मात्रा वाढवणे तिथेच थांबवा. ठिपक्यांविषयी खात्री नसेल तर माशांच्या रोगांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवावे. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करून पाहता येईल.

शेवटचा मासा ज्या दिवशी मुख्य टाकीतून निघेल त्या दिवसापासून ती टाकी माशांविना चालू ठेवायची. परजीवीच्या कवचांतून पिल्ले निघायला काही वेळा दहा आठवडे लागू शकतात, म्हणून मी अकरा आठवडे सांगते. हा काळ लांब वाटेल, पण मध्येच एक जरी मासा परत टाकला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. या काळात फिल्टर चालू राहू द्या आणि आठवड्यातून दोनदा चिमूटभर अन्न टाका, म्हणजे पाण्यातले उपयोगी जिवाणू टिकतील. टाकीत मासे नसल्यामुळे कोपेपॉड आणि इतर सूक्ष्म कवचधारी प्राणी याच दिवसांत भरपूर वाढतात, आणि परत येणाऱ्या रॅसला ते हवेच असतात.

मालवणचे प्रवाळ घेऊ नका. खडक बांधणारी सर्व प्रवाळे २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि असे तुकडे आणणे व बाळगणे गुन्हा ठरतो. सच्छिद्र सिरॅमिकचे दगड टाकीत तेच काम करतात.

खाण्याविषयी तुम्ही विचारले नाही, तरीही लिहिते, कारण रॅस मरण्यामागे रोगाइतकेच हे कारण असते. समुद्रात हे मासे उजाडल्यापासून मावळेपर्यंत दगडांवरून बारीक जीव टिपत फिरतात. त्यांची पचनसंस्था सतत थोडे थोडे खाण्यासाठी घडलेली आहे, एकदाच पोटभर खाऊन दिवस काढणे त्यांना जमत नाही. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्या. मुख्य अन्न गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) असावे. आर्टेमिया चवीने खातात पण त्यात पोषण कमी असते, म्हणून ते फक्त खाण्याची सवय लावण्यापुरते. बाजारातली ताजी, मीठ न लावलेली कोळंबी बारीक चिरून आठवड्यातून एक-दोनदा चालेल. मासा भरपूर खात असूनही वरून पाहताना डोक्यामागे पाठ खोलगट आणि पोट आत गेलेले दिसले, तर पोटातल्या कृमींची शंका घ्यावी आणि अन्न वाढवत बसू नये.

उन्हाळ्याचा बंदोबस्त याच आठवड्यात करा. पाणी २५ ते २७ अंशांत राहायला हवे. ३० च्या वर पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि कल्ल्यांच्या त्रासाने आधीच पीडित झालेल्या माशाला तोच सर्वांत जास्त लागतो. माळव्यातली एप्रिल-मेची हवा कोरडी असते, हा आपला फायदा आहे: पाण्याच्या पृष्ठभागावरून आडवा वारा जाईल असा छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरते. जूनच्या अखेरीस पाऊस आला आणि हवा दमट झाली की हाच पंखा निकामी होतो, पण तोपर्यंत बाहेरचे तापमानही उतरलेले असते. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर ती हलवण्याचा विचार करा. पंख्याने पाणी उडते आणि मीठ मात्र मागे राहते, म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्याची कधीही नाही. टाकीवर खूण करून रोज सकाळी त्या पातळीपर्यंत पाणी आणावे आणि आठवड्यातून दोनदा रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या उपकरणाने) घनता १.०२५ च्या आसपास आहे ना ते पाहावे. नळाला येणारे नर्मदेचे पाणी आपल्याला प्यायला उत्तम, पण जलूदच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन येताना त्यात क्लोरीन असते, आणि बोअरचे पाणी जड असते. दोन्ही सरळ टाकीत नकोत. आरओमधून काढल्यावर उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआयच्या नळकांड्यातून गाळलेले, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणीच वापरा. दुपारी वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असू द्या. हिवाळ्यात इंदूरच्या रात्री दहा अंशांच्या खाली उतरतात, तेव्हा हीटर काढून ठेवू नका. एकाच दिवसात चार-पाच अंशांचा चढउतार झाला तर मासा रोगाला लवकर बळी पडतो.

राहिला मुलीचा लाल रॅस. वर्णनावरून तो कोरिस गेमार्डचे पिल्लू वाटते. आज बोटाएवढा आहे, पण तो ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, दगड उलटेपालटे करतो आणि खेकडे, गोगलगायी, कोळंबी काही ठेवत नाही. तुमची टाकी सुमारे ४६ सेंटिमीटर रुंद आहे. पूर्ण वाढलेला कोरिस तिच्यात धड वळूही शकणार नाही. मुलीला हे माप फूटपट्टीने दाखवा, तिला लगेच पटेल. अकरा आठवड्यांनंतर, पिवळा रॅस परत येऊन स्थिरावल्यावर आणि जाळी बसल्यावर, तिच्यासाठी एखादा लहान फ्लॅशर रॅस आणा. तो दहा सेंटिमीटरच्या आत राहतो, कोळंबीला फारसा त्रास देत नाही, आणि त्याचा नर पर उभारून रंग झळकवतो तेव्हा मुलीला त्या लाल पिल्लाची उणीव जाणवणार नाही. त्यालाही आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवूनच आत सोडा. सहा पट्ट्यांचा रॅस पुन्हा हवा असेल तर तो सर्वांच्या शेवटी. आधी येऊन जागा धरलेला सहा पट्ट्यांचा रॅस नंतर आलेल्या शांत रॅसना कपारीतून बाहेर पडू देत नाही.